टोपाखालचं उघडं डोकं

एका जागी गप्प उभं राहणं माझ्या नशिबातच नव्हतं. आमचा भाजीचा मळा कारंज्याच्या गावकुसाला लागून होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात कांदे. मोट सुरू झाली की पाणी वाफ्यात सोडायचं आणि वाफा भरेपर्यंत हातात फावडं घेऊन उभं राहायचं. बाबांना ते उभं राहणं फार आवडायचं. मला नाही. मी तेवढ्या वेळात बांधावरून चार चकरा मारून यायचो. तोवर वाफा फुटलेला, पाणी भलतीकडे गेलेलं, आणि बाबा ओरडत असायचे, "अबे, तुह्या पायाले भिंगरी हाय का? वांग्याले घाई नाई, मंग तुले काहून हाय?"

घाई होतीच. कशाची ते मलाही सांगता आलं नसतं. आई माझ्या लहानपणीच गेली होती, घरात बाबा, मी, धनजहून लग्न करून आणलेली माझी बायको आणि तिच्या मांडीवरचं आमचं पहिलं पोर. सगळं ठीक चाललं होतं, पण मला रोज सकाळी उठल्याबरोबर कुठेतरी निघून जावंसं वाटायचं.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. गावातल्या एका जिनिंग फॅक्टरीत मी हंगामात कापसाच्या गाठी लोटायला जायचो. विलायतेहून मशीनचे सुटे भाग येणं बंद झालं, तेव्हा शेठनं कुठूनशी विजेवर चालणारी वेल्डिंगची मशीन आणली. तुटलेलं जोडा आणि तेच वापरा, असा हिशोब. मशीनसोबत एक उस्ताद आले. मुसलमान, उंच, दाढीत थोडी पांढरी झाक आणि जिभेला धार. त्यांनी पहिल्या दिवशी वेल्डिंगची कांडी लोखंडाला टेकवली आणि जी निळी वीज चमकली, ती पाहून माझा जीव तिथेच अडकला. हेच काम करायचं. दुसरं काही नको. मी उस्तादांच्या मागे लागलो, इतका की शेवटी तेच वैतागून म्हणाले, "अरे खुदा के वास्ते, ये उद्यापासून! तुह्या कटकटीपेक्षा शिकवणं सोपं हाय."

आता त्या टोपाबद्दल सांगतो, कारण खरी भानगड तिथूनच सुरू झाली. वेल्डिंग करताना तोंडावर घालायचा तो टोप काळा, पुठ्ठ्यासारख्या कडक पदार्थाचा होता. पुढे डोळ्यांपाशी काळी काच. वरून तो सगळा उघडा. डोक्याभोवती फक्त एक चामडी पट्टा, मागे आवळायला बक्कल, कानांच्या वर दोन्ही बाजूंना एकेक पेच. काम नसेल तेव्हा तोंडावरचा भाग वर उचलून ठेवायचा. कांडी टेकवायच्या क्षणी मान जराशी झटकायची, की तो खटकन खाली येऊन डोळे झाकले पाहिजेत. दोन्ही हात कामात, म्हणून सगळा भार त्या पट्ट्यावर. पट्टा डोक्यावर नीट बसला तर तो टोप, नाहीतर नाकापेक्षा मोती जड.

आणि माझ्या डोक्यावर तो बसेना. कारण माझ्या डोक्यावर आधीच टोपी होती.

आमच्याकडे बाप जिता असताना मुलानं उघड्या डोक्यानं हिंडायचं नाही. डोकं उघडं म्हणजे घरात कोणी गेलं. कोणी उघड्या डोक्यानं रस्त्यानं येताना दिसला की बायका पदर तोंडाला लावून हळूच विचारायच्या, "कोण गेलं गा?" बाबा तर या बाबतीत कडक. स्वतः झोपेतून उठले की चूळ भरायच्या आधी पागोटं घालायचे. मला लहानपणी टोपीशिवाय अंगणात पाहिलं की म्हणायचे, "मी जिता हाय अजून. झाक डोकं." अंघोळ आणि झोप सोडली, तर माझं डोकं मी स्वतःही कधी नीट पाहिलं नव्हतं.

म्हणून मी पट्टा टोपीवरून बांधला. डोक्याला खोबरेल चोपडलेलं, त्यावर सुती टोपी. मान खाली घातली की टोपी सरकायची, टोपीसोबत पट्टा, पट्ट्यासोबत टोप. आवळला तर अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागायचं, जणू कोणी कवटी अडकित्त्यात धरली. ढिला सोडला तर नाकावर उतरायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

मग मी डोकं चालवलं. आम्ही भाजीवाले. आमच्या घरात डोक्यावर काहीही ठेवायचं झालं तर आधी कापडाची गोल चुंबळ. टोपली असो, हंडा असो, चुंबळीवर ठेवा, हलायचं नाव नाही. मी घरून बायकोची चुंबळ नेली, टोपीवर ठेवली आणि तिच्यावर टोपाचा पट्टा आवळला. बसला की बाप्पा! एकदम घट्ट. मी तसाच छाती काढून उस्तादांच्या समोर उभा राहिलो.

उस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्यांनी सगळ्या फिटरांना हाक मारली, कारण त्यांना एकट्यानं हसणं पुरलं नसतं. "पाहा रे, पाहा! हा लोखंड जोडाले आला का मेथीची जुडी इकाले?" चुंबळीमुळे टोप इतका वर चढला होता की खालून हनुवटी आणि गळा उघडा पडला होता. मी हट्टानं तसंच काम केलं. संध्याकाळपर्यंत गळ्याची कातडी लाल, दुसऱ्या दिवशी सोलली. फॅक्टरीत माझं नाव चुंबळ पडलं. पुढे कितीतरी वर्षं जुने लोक त्याच नावानं हाक मारायचे, आणि मी प्रत्येक वेळी भडकायचो.

गळा बरा झाला, पण टोप सरकायचा तो सरकतच राहिला. एका दिवशी मी इंजिनाच्या बैठकीला टाका मारत होतो. मान झटकली, टोप खाली आला, पण टोपीवरून घसरून एका कानावर कलला. काच डोळ्यांसमोर नाहीच. ती निळी वीज सरळ डोळ्यांत. तेव्हा काही वाटलं नाही. दिवेलागणीला घरी येऊन भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि डोळ्यांत कोणी मूठभर वाळू फेकून चोळावी तसं झालं. पाणी थांबेना. पापणी उघडली तर आग, मिटली तर आग. मी अंगणात वेड्यासारखा फिरत होतो, खाटेला अडखळत होतो, आणि शिव्या देत होतो, कोणाला ते माहीत नाही.

बायकोनं मला धरून खाली बसवलं. "हलू नका म्हटलं ना! मान वर करा." आमच्यात डोळे आले की अंगावरचं दूध घालतात. तिनं दुधात कापसाचा बोळा भिजवला आणि माझ्या डोळ्यांत पिळला. ते कोमट दूध आत गेलं आणि मला जरा श्वास आला. मग तिनं पोराला उगाच एक चापट मारली. मी घाबरलो होतो, हे आज सरळ सांगतो. आंधळा झालो तर हिचं काय, पोराचं काय, एवढंच डोक्यात घुमत होतं.

बाबा दारात उभे होते. त्यांचा आवाज आला, "सोड थे काम. मळा काय वाईट हाय? वांग्यानं कोनाचे डोये नाई घेतले आजपर्यंत."

"नाही सोडत," मी म्हणालो. डोळे मिटलेले, नाक वाहत होतं, तरी म्हणालो.

डोळे शांत झाल्यावर फॅक्टरीत गेलो, तर उस्तादांनी टोप माझ्या हातातून काढून घेतला. त्या दिवशी ते हसत नव्हते. "ऐक. टोपी काढ. पट्टा केसाइवर पायजे, टोपीवर नाई. मीबी नमाज पडतो, मलेबी टोपी हाय. पण थे नमाजाच्या टायमाले. कामाच्या टायमाले खिशात." मी म्हटलं, टोपीऐवजी पातळ फडकं बांधू का? तेही करून पाहिलं. दुपारपर्यंत एक ठिणगी फडक्याच्या घडीत जाऊन बसली आणि मला कळण्याआधी धूर निघू लागला. उस्तादांनी फडकं ओढून पायाखाली विझवलं आणि शेवटचं सांगितलं, "उघड्या डोक्यानं येशीन तं मशीनवर उभा राह्य. नाई तं गाठी लोटाले जाय. म्या आंधळ्यायचा कारखाना नाई काढला."

गाठी लोटायला! मला तर रात्री स्वप्नातही ती निळी वीज दिसत होती.

मी त्याच संध्याकाळी बाबांना विचारलं. विचारलं कसलं, भांडलोच. "बाबा, डोक्यावर टोप असतोच ना. डोकं उघडं कुठं राह्यते?"

"थो टोप कामाचा हाय. मानाचा नाई."

"पण डोये गेले तं मान काय चाटाचा हाय का?"

"मंग थे काम सोड म्हणलं ना. काम सोडता येते. बाप सोडता येत नाई. मी जिता असतानी तू उघड्या डोक्यानं उभा राह्यशीन तं लोक मले काय म्हणतीन? जित्या माणसाले मेला म्हणतीन. अन् लोकच काहून, तुले पाहून मीबी म्हणीन का मी मेलो."

सुंभ जळालं तरी पीळ जात नाही, असा माणूस. मी पाय आपटत मळ्यात गेलो आणि अंधार पडेपर्यंत बांधावर फिरलो. इकडे आड, तिकडे विहीर. टोपी ठेवली तर डोळे जातात, काढली तर बाप.

मग मी तेच केलं जे कोणत्याही लेकानं केलं असतं. घरून टोपी घालून निघायचो, फॅक्टरीच्या फाटकाआत टोपी खिशात, सुटताना फाटकाशी पुन्हा डोक्यावर. मला त्याची लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. डोळे माझे होते.

उस्तादांनी त्या दिवशी पट्टा स्वतःच्या हातानं बसवून दिला. पुढून भुवयांच्या दोन बोटं वर. मागून खाली, कवटीचा फुगवटा संपतो आणि मानेची खळगी सुरू होते तिथे. "इथं माणसाच्या डोक्याले खुंटी असते," ते म्हणाले, "पट्टा तिच्याखाली गेला का मंग उडी मारली तरी पडत नाई." आधी बक्कल एवढं आवळायचं की पट्ट्याखाली एक बोट जेमतेम शिरेल. मग बाजूचे पेच, तेही दोन्ही सारखे, नाहीतर टोप तिरपा पडतो. फार आवळले तर मान झटकूनही खाली येत नाही, ढिले ठेवले तर शिंकलं तरी येतो. केसांना तेल नको, नुसतं पाणी. चामडं कपाळाला काचायचं, म्हणून बायकोनं आपल्या जुन्या लुगड्याची मऊ पट्टी आतून शिवून दिली. कशासाठी ते तिनं विचारलं नाही. माझी टोपी खिशात चुरगळलेली ती रोज धूत होती, तिला काय कळलं नसेल?

मान झटकली. खटकन. अंधार. कांडी टेकवली आणि त्या काळ्या काचेतून पहिल्यांदा मला वितळणारं लोखंड नीट दिसलं, गुळाच्या पाकासारखं हळूहळू सरकणारं. मला इतका आनंद झाला की मी टोपाच्या आतच मोठ्यानं हसलो.

पण टोप बसला तरी माझा जीव बसेना. शेठच्या घरी आमच्याच मळ्याची भाजी जायची आणि शेठचं घर फॅक्टरीच्या आवारातच होतं. बहुतेक वेळा बायको नेऊन द्यायची, पण बाबा कधी येतील याचा नेम नव्हता. एक टाका मारला की टोप वर, नजर फाटकावर. पुन्हा टाका, पुन्हा फाटक. कोणी पागोटंवाला दिसला की मी मशीनमागे. सांधे भोकाभोकांचे पडू लागले. उस्ताद म्हणाले, "टोप बसला रे, तुहं मन कवा बसन?" मी पुन्हा फाटकाकडे पाहिलं.

मार्गशीर्षात एके दिवशी गाठी दाबायच्या प्रेसच्या पेटीला तडा गेला. हंगाम ऐन भरात, बाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग. शेठ मागे उभे, उस्ताद बाजूला. त्या दिवशी फाटकाकडे पाहायला उसंतच मिळाली नाही. मी एका दमात लांबच लांब सांधा भरत गेलो. कांडी संपली, टोप वर केला, आणि समोर बाबा.

हातात सांभाराच्या जुड्या तशाच. ते किती वेळ उभे होते कोण जाणे. कोणाचंही लक्ष नव्हतं, त्यामुळे कोणी त्यांना सांगितलंही नव्हतं की तिकडे पाहू नका. ते सरळ त्या विजेकडे पाहत उभे राहिले होते, आपलं पोर काय करतं ते पाहत. माझ्या घामेजल्या उघड्या डोक्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. माझा हात खिशाकडे गेला, पण टोपी बाहेर काढायला हात धजेना. बाबा वळले, जुड्या शेठच्या ओट्यावर ठेवल्या आणि निघून गेले.

घरी जाताना मनात सगळी भाषणं तयार होती. घराबाहेर काढलं तर काय म्हणायचं, शिव्या दिल्या तर काय म्हणायचं. अंगणात पाऊल टाकलं तर बाबा खाटेवर पडलेले, पागोटं तसंच डोक्यावर, दोन्ही डोळ्यांवर ओलं फडकं, आणि पाय नुसते झाडत होते. तीच वाळू. तीच आग. बायको वाटीत दूध आणि कापूस घेऊन शेजारी उभी होती, पण सासऱ्याला हात लावायचा कसा म्हणून अडली होती. मी वाटी घेतली आणि बाबांच्या डोळ्यांत दूध पिळलं. त्यांनी माझं मनगट धरलं, फार घट्ट.

"हे तुले झालतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"असंच?"

"याच्याहून जास्त."

बाबांनी मनगट सोडलं नाही. मला बोलायचं होतं, पण तयार केलेल्या भाषणातलं एकही वाक्य तिथे बसत नव्हतं. मी नुसता बोळा भिजवत राहिलो. दुसऱ्या दिवशी दिवसभर ते अंधाऱ्या खोलीत पडून राहिले, जेवले थोडंसं, माझ्याशी एक अक्षर नाही. माझी मात्र तगमग. शिव्या तरी द्या, असं ओरडावंसं वाटत होतं.

त्यानंतर बाजाराचा दिवस आला. फॅक्टरी बंद होती. बायको टोपल्या घेऊन पुढे गेली होती, मी बाबांसाठी अंगणात थांबलो होतो. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. बाबा दारातून वाकून बाहेर आले, आणि मला क्षणभर कळेचना की हे कोण. पागोटं नव्हतं.

मी त्यांचं कपाळ तोवर कधी पाहिलं नव्हतं. तोंड उन्हानं काळं पडलेलं, आणि भुवयांच्या वर एकदम गोरं, लहान पोराचं असावं तसं. विरळ पांढरे केस वाऱ्यानं उडत होते. डोळे अजून लाल होते.

"बाबा, पागोटं..."

"चाल. उशीर होऊन राह्यला."

ते पुढे, मी मागे. वेशीपाशी पहिलाच माणूस भेटला तो आमच्या शेजारच्या मळ्यातला म्हातारा, बाबांच्याच वयाचा. त्यानं बाबांचं डोकं पाहिलं आणि हातातली काठी खाली ठेवली. "अरे बाप्पा! कोण गेलं गा?"

"कोणी नाई," बाबा म्हणाले. "उकडून राह्यलं."

पुढे तेलीणबाईनं विचारलं. पानवाल्यानं विचारलं. मशिदीच्या पायऱ्यांवर उस्ताद बसले होते, ते नुसते उठून उभे राहिले. बाकी सगळ्यांना बाबा मान ताठ ठेवून एकच सांगत गेले, उकडून राह्यलं. थंडीनं त्यांचे कान लाल झाले होते. मला रडू आवरेना. भर रस्त्यात, लोकांसमोर, मी हुंदके देत त्यांच्या मागून चालत होतो.

बाजाराच्या तोंडाशी ते थांबले आणि मागे वळले. माझ्या डोक्याकडे पाहून कपाळाला आठी घातली. "काहून बे, तुले नाई उकडत?"

मी टोपी काढून खिशात घातली. मग आम्ही दोघं बाप-लेक तसेच उघड्या डोक्यानं बाजारात शिरलो आणि वांग्यांच्या टोपल्यांपाशी जाऊन बसलो.